रेणूच्या रचनेवरून फ्लोरिनयुक्त वायूची तापमानवाढ क्षमता कशी ओळखावी

फ्रिजच्या मागच्या पट्टीवर किंवा वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीवर ‘आर-१३४ए’, ‘आर-३२’, ‘आर-४१०ए’ असे काहीतरी छापलेले असते आणि बहुतेकांची नजर त्यावरून घसरून पुढे जाते. त्या चार-पाच अक्षरांत आतल्या वायूची ओळख असते. वायू एकाच घटकाचा असेल, तर त्याच्या रेणूची रचनाही त्यातच मांडलेली असते. ती रचना उलगडता आली, की हा वायू हवेत सुटल्यास तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या किती पट उष्णता अडवील, याचा बऱ्यापैकी नेमका अंदाज कागद, पेन्सिल आणि साधा गणकयंत्र घेऊन बांधता येतो. शाळेतले रसायनशास्त्र थोडेफार आठवत असेल, तर एवढी तयारी पुरेशी आहे.

कोणत्याही हरितगृह वायूला दोनच प्रश्न विचारायचे असतात. पृथ्वीकडून अवकाशात निघालेली उष्णता तो कोणत्या तरंगलांबीवर आणि किती जोराने शोषतो, हा पहिला. आणि हवेत तो किती वर्षे टिकतो, हा दुसरा. फ्लोरिनयुक्त वायू इतके प्रभावी का, याचे उत्तर असे, की कार्बन आणि फ्लोरिन यांच्यातला एकच बंध या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्याला नको त्या दिशेने देतो. तो उष्णता नेमक्या मोकळ्या वाटेवर अडवतो आणि स्वतः सहजासहजी तुटत नाही.

आधी नावावरून रचना काढावी

शीतक वायूंच्या क्रमांकात ९० मिळवण्याची रीत फार उपयोगी आहे. क्रमांकात ९० मिळवले, की येणाऱ्या तीन अंकांपैकी पहिला कार्बनचे, दुसरा हायड्रोजनचे आणि तिसरा फ्लोरिनचे अणू सांगतो. १३४ मध्ये ९० मिळवले की २२४ येतात, म्हणजे दोन कार्बन, दोन हायड्रोजन आणि चार फ्लोरिन. दोन कार्बनांच्या संतृप्त रेणूत इतर अणूंसाठी सहा जागा असतात आणि त्या येथे पूर्ण भरल्या, म्हणून क्लोरिन नाही. १२ या क्रमांकाचे १०२ होतात, म्हणजे एक कार्बन, शून्य हायड्रोजन, दोन फ्लोरिन. एका कार्बनाच्या चार जागांपैकी दोन उरतात आणि त्या क्लोरिनच्या असतात. हाच तो सीएफसी-१२ (सीएफसी म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन), जो १९३० नंतरची कित्येक दशके फ्रिजमध्ये वापरला गेला.

शेवटचे ‘ए’ हे अक्षर कुणी गाळू नये, कारण अणू तेवढेच असले तरी ते कोणत्या कार्बनवर बसले आहेत हे तेच अक्षर सांगते. अक्षर नसेल तर दोन्ही कार्बनांवरचा भार जास्तीत जास्त समतोल असतो. ‘ए’ आले की तो समतोल एक पायरी ढळतो. क्लोरिन नसलेल्या, केवळ हायड्रोजन, फ्लोरिन आणि कार्बन यांच्या अशा वायूंना एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) म्हणतात; आर-१३४ए म्हणजेच एचएफसी-१३४ए. एचएफसी-१३४ मध्ये दोन्ही कार्बनांवर प्रत्येकी दोन फ्लोरिन आणि एक हायड्रोजन असतात, तर एचएफसी-१३४ए मध्ये एका कार्बनवर तीन फ्लोरिन एकवटलेले असतात आणि दुसऱ्यावर एक फ्लोरिन व दोन हायड्रोजन असतात. या फरकाचा परिणाम किती मोठा असू शकतो, ते पुढे दिसेल.

चार अंकी क्रमांकात पहिला १ हा कार्बन-कार्बन दुहेरी बंधाची खूण असतो. १२३४वायएफ मधील २३४ मध्ये ९० मिळवले की ३२४ येतात: तीन कार्बन, दोन हायड्रोजन, चार फ्लोरिन आणि त्यांच्या जोडीला एक दुहेरी बंध. ४०० आणि ५०० च्या मालिकांना मात्र ही रीत लावू नये, कारण ती मिश्रणे असतात.

मोकळी वाट कोठे आहे ते पाहावे

पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १५ अंश सेल्सियस, म्हणजे २८८ केल्विन आहे. या तापमानाला पृष्ठभाग जी उष्णता बाहेर टाकतो, ती अवरक्त किरणांच्या रूपात असते आणि तिचा सर्वाधिक जोर १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. या उष्णतेच्या वाटेत पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड आधीपासून उभे आहेत. वाफ ६.३ मायक्रोमीटरच्या आसपास आणि पुन्हा लांब तरंगलांबींवर शोषण करते, तर कार्बन डायऑक्साइड १५ मायक्रोमीटरच्या भोवती. या दोहोंच्या मधला सुमारे ८ ते १३ मायक्रोमीटरचा पट्टा, त्यातली ९.६ मायक्रोमीटरजवळची ओझोनची चिंचोळी जागा वगळता, बराच मोकळा असतो. त्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. पृथ्वीला थंड ठेवणारी बरीच उष्णता याच खिडकीतून थेट अवकाशात जाते.

तेव्हा कोणत्याही नव्या वायूबाबत पहिली तपासणी ही, की त्याचे शोषण या खिडकीत पडते का. रसायनशास्त्रज्ञ तरंगलांबीऐवजी तरंगसंख्या वापरतात. १०,००० ला मायक्रोमीटरमधील तरंगलांबीने भागले की प्रति सेंटिमीटर तरंगसंख्या मिळते. ८ ते १३ मायक्रोमीटरची खिडकी तरंगसंख्येत सुमारे ७७० ते १२५० अशी होते. हे दोन आकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत, कारण पुढे ते वारंवार लागतात.

बंध कोणत्या तालात थरथरतो ते काढावे

दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा असतो. स्प्रिंग जितकी ताठ, तितका ताल जलद. टोकांचे अणू जितके जड, तितका ताल संथ. तरंगसंख्या काढण्यासाठी बंधाची ताठरता (न्यूटन प्रति मीटर) भागिले अणूंच्या जोडीचे परिणामी वस्तुमान, त्याचे वर्गमूळ आणि त्याला १३०.३ ने गुणणे, एवढेच करायचे असते. परिणामी वस्तुमान म्हणजे दोन अणुभारांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज.

कार्बनचा अणुभार १२ आणि फ्लोरिनचा १९. गुणाकार २२८, बेरीज ३१, म्हणून परिणामी वस्तुमान ७.३५. एकेरी बंधाची ताठरता ठोकळमानाने ५०० धरली, तर ५०० भागिले ७.३५ म्हणजे ६८. त्याचे वर्गमूळ ८.२५, आणि १३०.३ ने गुणल्यावर सुमारे १०७५ प्रति सेंटिमीटर. मिथाइल फ्लोराइड या सर्वांत साध्या रेणूत कार्बन-फ्लोरिन बंधाच्या ताणाचे प्रत्यक्ष मोजलेले कंपन १०४९ वर आहे. एका ओळीच्या हिशेबातून उत्तर इतके जवळ यावे, हे मला आजही समाधान देणारे वाटते. १०७५ म्हणजे ९.३ मायक्रोमीटर, अगदी खिडकीच्या मध्यावर.

आता तीच ताठरता ठेवून फ्लोरिनच्या जागी हायड्रोजन घ्यावा. परिणामी वस्तुमान ०.९२ वर उतरते आणि उत्तर ३०३० च्या आसपास जाते, म्हणजे ३.३ मायक्रोमीटर. त्या तरंगलांबीवर पृथ्वी फारशी उष्णता बाहेर टाकतच नाही, त्यामुळे कार्बन-हायड्रोजन बंधाच्या ताणाचे कंपन हवामानाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी ठरते. क्लोरिन जड आहे आणि त्याचा बंध सैल आहे, म्हणून कार्बन-क्लोरिन बंधाचे कंपन साधारण ६०० ते ८५० च्या दरम्यान, खिडकीच्या खालच्या कडेला सापडते. फ्लोरिनचे वजन आणि त्याच्या बंधाचा ताठपणा यांचा मेळ असा जमतो, की त्याचे कंपन नेमके मोकळ्या पट्ट्यात येऊन बसते. एकाच कार्बनवर अनेक फ्लोरिन आले, की बंध आणखी आखूड आणि ताठ होतात आणि कंपन वर सरकते. म्हणून सर्वसाधारणपणे १००० ते १४०० हा या बंधाचा टापू मानतात आणि सर्वांत ठळक शोषण बहुधा ११०० ते १३०० मध्ये मिळते.

शोषणाचा जोर कशावर ठरतो

कंपन योग्य जागी असणे पुरेसे नाही. अवरक्त किरण शोषण्यासाठी कंपनाबरोबर रेणूतील विद्युतभारांची मांडणी, म्हणजे द्विध्रुव, बदलली पाहिजे. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे असतात. ते ताणले किंवा आकसले तरी द्विध्रुव शून्यच राहतो, आणि म्हणूनच हवेचा बहुतांश भाग उष्णतेला आडवा येत नाही.

फ्लोरिन याच्या उलट टोकाला आहे. पाउलिंगच्या मापावर त्याची विद्युतऋणता ३.९८, म्हणजे सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक, कार्बनची २.५५ आणि हायड्रोजनची २.२०. फ्लोरिन बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, कार्बन धन बाजूला झुकतो, आणि हा भार विभागलेला बंध जेव्हा आत-बाहेर हलतो, तेव्हा द्विध्रुवात मोठा बदल होतो. शोषणाची तीव्रता या बदलाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून बदल दुप्पट झाला तर शोषण चौपट होते.

यातून रचनेविषयीचा एक महत्त्वाचा नियम निघतो. एकाच कार्बनवर दोन-तीन फ्लोरिन बसले, की त्या कार्बनचा धन भार वाढत जातो आणि प्रत्येक बंधाचे शोषण एकट्या बंधापेक्षा अधिक तीव्र होते. पार्थ बेरा, जोसेफ फ्रान्सिस्को आणि टिमोथी ली यांनी २००९ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गणनांतून हेच पुढे आले, की फ्लोरिन एकाच कार्बनवर एकवटण्याऐवजी वेगवेगळ्या कार्बनांवर विखुरले, तर रेणूची उष्णता शोषण्याची क्षमता कमी राखता येते. रचना वाचताना तीन फ्लोरिनचा गट दिसला, की सावध व्हावे, ते यासाठी.

हा सगळा विषय हवामानशास्त्रात आला १९७५ मध्ये, जेव्हा वीरभद्रन रामनाथन यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन हे अतिशय प्रभावी हरितगृह वायू असल्याचे ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. त्याच्या आदल्याच वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी याच वायूंचा ओझोनच्या थराला असलेला धोका मांडला होता.

बंध मोजून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये

येथे नव्याने शिकणारा हमखास चुकतो. कार्बन टेट्राफ्लोराइडमध्ये चार कार्बन-फ्लोरिन बंध आहेत आणि एचएफसी-१३४ए मध्येही चारच. मग दोन्हींचा जोर सारखा असावा, किंबहुना एकाच कार्बनवर चारही फ्लोरिन असल्यामुळे पहिल्याचा जास्त असावा, असे वाटते. प्रत्यक्षात हवेत प्रत्येकी एक पीपीबी, म्हणजे शंभर कोटी रेणूंमागे एक रेणू, इतकी वाढ झाली, तर कार्बन टेट्राफ्लोराइड दर चौरस मीटरला ०.०९ वॉट उष्णता अडवतो आणि एचएफसी-१३४ए ०.१६ वॉट. या मापाला प्रारणिक कार्यक्षमता म्हणतात. येथील आणि पुढचे हिशेबाचे आकडे, वेगळे सांगितले नसेल तेथे, आयपीसीच्या, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या, २०१३ च्या पाचव्या मूल्यांकन अहवालातील आहेत.

कारण पुन्हा रचनेतच आहे. कार्बन टेट्राफ्लोराइड चतुष्फलकाच्या आकाराचा, पूर्ण सममित रेणू आहे. पाच अणूंच्या या रेणूला नऊ कंपने शक्य आहेत, परंतु सममितीमुळे त्यांपैकी बरीच समान तालाची होतात आणि काहींत द्विध्रुव बदलतच नाही. चारही फ्लोरिन एकाच वेळी बाहेर आणि आत जातात, तेव्हा सगळे बदल एकमेकांना रद्द करतात. परिणामी सगळा जोर १२८३ प्रति सेंटिमीटरवरच्या एका अरुंद पट्ट्यात एकवटतो. ती जागा ७.८ मायक्रोमीटरची, म्हणजे खिडकीच्या चौकटीवरची, आणि तेथे मिथेन (१३०६) व नायट्रस ऑक्साइड (१२८५) हे दोघे आधीच बसलेले आहेत. एचएफसी-१३४ए ओबडधोबड आहे. त्याच्या आठ अणूंची अठरा कंपने वेगवेगळ्या तालांत विखुरलेली असतात, त्यांपैकी अनेक खिडकीत पडतात आणि तो उष्णता रुंद पट्ट्यावर अडवतो.

सल्फर हेक्साफ्लोराइड मात्र पूर्ण सममित असूनही या नियमाला अपवाद वाटतो. त्याच्या पंधरा कंपनांपैकी अवरक्त किरण शोषणारे पट्टे दोनच आहेत, परंतु त्यांपैकी मुख्य पट्टा ९४८ प्रति सेंटिमीटरवर, म्हणजे १०.५५ मायक्रोमीटरवर, खिडकीच्या अगदी गाभ्यात आणि पृथ्वीच्या उष्णतेच्या शिखराजवळ येतो. गंधकाचा अणू कार्बनपेक्षा जड असल्यामुळे ताल संथ होतो आणि पट्टा मिथेनच्या सावलीतून बाहेर सरकतो. म्हणून त्याची प्रारणिक कार्यक्षमता ०.५७ आहे, कार्बन टेट्राफ्लोराइडच्या सहा पटींहून अधिक. केवळ ‘फ्लोरिन किती’ एवढे न विचारता ‘कंपन कोठे पडते आणि तेथे दुसरे कोण आहे’ हे विचारायची सवय लावून घ्यावी.

ज्यांना याहून काटेकोर काम करायचे आहे, त्यांच्यासाठी पिनॉक आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेली पद्धत आहे. तीत रेणूचा अवरक्त वर्णपट दहा-दहा तरंगसंख्यांच्या तुकड्यांत कापून, प्रत्येक तुकड्यातले शोषण त्या जागी उपलब्ध असलेल्या उष्णतेच्या भाराने गुणले जाते आणि सगळ्यांची बेरीज केली जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कार्बन डायऑक्साइडची प्रारणिक कार्यक्षमता ०.००००१३७ आहे, म्हणजे रेणूमागे एचएफसी-१३४ए सुमारे ११,७०० पट प्रभावी ठरतो. परंतु हा सगळा फरक कार्बन-फ्लोरिन बंधाच्या ताकदीचा नाही. कार्बन डायऑक्साइड हवेत दहा लाखांमागे चारशेच्या वर रेणू इतका आहे, त्याच्या १५ मायक्रोमीटरच्या पट्ट्याचा गाभा भरून गेलेला आहे, आणि नवा रेणू केवळ त्या पट्ट्याच्या कडांवर काम करतो. फ्लोरिनयुक्त वायू लक्ष कोटींमागे काही मोजक्या किंवा शेकडो रेणूंच्या प्रमाणात असतात. त्यांच्या वाट्याला मोकळी जागा येते आणि प्रत्येक नवा रेणू पहिल्या रेणूइतकाच परिणाम करतो.

आयुर्मान रचनेतून वाचावे

हवेची स्वच्छता करणारा मुख्य कामगार म्हणजे हायड्रॉक्सिल मूलक. एका ऑक्सिजन आणि एका हायड्रोजनचा हा अल्पायुषी तुकडा खालच्या वातावरणात एका घन सेंटिमीटरला सरासरी दहा लाखांच्या घरात असतो. हवेतल्या रेणूंच्या तुलनेत हे प्रमाण पंचवीस लाख कोटींमागे एक एवढे नगण्य आहे, तरीही मिथेनपासून बहुतेक सेंद्रिय वायू तोच संपवतो. त्याची रीत अशी, की रेणूतला एक हायड्रोजन ओढून घ्यायचा आणि पाणी व्हायचे. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध सुमारे ४९७ किलोज्यूल प्रति मोल इतका बळकट आहे, तर सामान्य कार्बन-हायड्रोजन बंध सुमारे ४१३ चा. म्हणून हा व्यवहार मूलकाला परवडतो. कार्बन-फ्लोरिन बंध सुमारे ४८५ चा आहे आणि फ्लोरिन ओढून घेतला तर बनणारा ऑक्सिजन-फ्लोरिन बंध फारच दुबळा असतो. तो व्यवहार होतच नाही.

यावरून रचना पाहण्याचा क्रम ठरतो. प्रथम दुहेरी बंध आहे का ते पाहावे. असेल, तर हायड्रॉक्सिल थेट त्या बंधाला चिकटतो आणि आयुर्मान दिवसांत मोजावे लागते. दुहेरी बंधाच्या अशा फ्लोरिनयुक्त वायूंना एचएफओ म्हणतात; एचएफओ-१२३४वायएफ साधारण दहा-बारा दिवसांत संपतो. दुहेरी बंध नसेल, तर हायड्रोजन शोधावा. हायड्रोजन असेल, तर आयुर्मान बहुधा महिन्यांपासून काही दशकांपर्यंत येते. हायड्रोजन नाही पण क्लोरिन आहे, तर रेणू स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या वातावरणात, चढून तीव्र अतिनील किरणांनी तुटेपर्यंत टिकतो. सीएफसी-११ ची ४५ आणि सीएफसी-१२ ची १०० वर्षे या वाटेने येतात, आणि तुटताना सुटणारा क्लोरिन ओझोनचा नाश करतो. आणि तिन्हींपैकी काहीच नसेल, केवळ फ्लोरिन असतील, तर त्या रेणूला खालच्या वातावरणात जवळजवळ शत्रूच उरत नाही. कार्बन टेट्राफ्लोराइडचे आयुर्मान ५०,००० वर्षे आणि हेक्साफ्लुरोइथेनचे १०,००० वर्षे मानले जाते.

हायड्रोजन नुसता असून भागत नाही. तो कोठे आहे, हेही पाहावे लागते. फ्लोरोफॉर्म, म्हणजे एचएफसी-२३, याच्यात एकुलता एक हायड्रोजन तीन फ्लोरिन असलेल्या कार्बनवरच बसलेला आहे. त्याचा बंध बळकट होतो, हायड्रॉक्सिलला तो सुटता सुटत नाही, आणि आयुर्मान २२२ वर्षांवर जाते. त्याच कार्बनवर एक फ्लोरिन कमी आणि एक हायड्रोजन जास्त केला, की एचएफसी-३२ मिळतो आणि त्याचे आयुर्मान ५.२ वर्षे आहे.

या विषयातले माझे सर्वांत आवडते उदाहरण एचएफसी-१४३ आणि एचएफसी-१४३ए या समघटकांचे आहे. दोन कार्बन, तीन हायड्रोजन, तीन फ्लोरिन. दोन्हींचे रेणुसूत्र एकच आणि वजन एकच. १४३ए मध्ये तिन्ही फ्लोरिन एका बाजूला आणि तिन्ही हायड्रोजन दुसऱ्या बाजूला असतात. शेजारचा तीन फ्लोरिनचा गट इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मिथाइल गटाचे हायड्रोजन घट्ट धरले जातात, आणि रेणू ४७.१ वर्षे टिकतो. १४३ मध्ये एका कार्बनवर दोन फ्लोरिन व एक हायड्रोजन आणि दुसऱ्यावर एक फ्लोरिन व दोन हायड्रोजन असतात. हायड्रॉक्सिलला हे हायड्रोजन तुलनेने सहज मिळतात, आणि आयुर्मान अवघे ३.५ वर्षे उरते. शंभर वर्षांच्या हिशेबाने पहिल्याची तापमानवाढ क्षमता ४,८००, दुसऱ्याची ३२८. अणू तेच राहिले आणि त्यांच्या जागा तेवढ्या बदलल्या, तर सुमारे पंधरा पटींचा फरक पडला.

हिशेब पूर्ण करावा

जागतिक तापमानवाढ क्षमता, म्हणजे जीडब्ल्यूपी, काढण्यासाठी तीन पायऱ्या पुरतात. एचएफसी-१३४ए घेऊन त्या करून पाहू.

प्रारणिक कार्यक्षमता ०.१६ ला कार्बन डायऑक्साइडच्या ०.००००१३७ ने भागले, की रेणूमागची तुलना ११,७०० पट येते. जीडब्ल्यूपी वजनावर ठरते, म्हणून रेणुभारांच्या गुणोत्तराने, १०२ भागिले ४४ म्हणजे २.३२ ने, भागावे; किलोमागे किलो ही तुलना सुमारे ५,०४० पट होते. हवेत सुटल्याच्या पहिल्या क्षणी हा फरक एवढा असतो.

नंतर काळाचा हिशेब येतो. शंभर वर्षांच्या मुदतीत वायू किती ‘पूर्ण वर्षे’ काम करतो, ते काढावे. आयुर्मान शंभर वर्षांहून बरेच कमी असेल, तर ते स्वतःच उत्तर असते. हजारो वर्षांचे असेल, तर उत्तर जवळजवळ शंभर. मधल्यांसाठी ते हळूहळू घटणाऱ्या वक्राने येते, जसे ४७.१ वर्षांसाठी सुमारे ४१ आणि २२२ वर्षांसाठी सुमारे ८०. कार्बन डायऑक्साइड समुद्र आणि वनस्पती टप्प्याटप्प्याने शोषत असल्यामुळे त्याची शंभर वर्षांतली पूर्ण वर्षे साधारण ५२ भरतात. एचएफसी-१३४ए ची १३.४. तेव्हा ५,०४० गुणिले १३.४ भागिले ५२, म्हणजे सुमारे १,३००. अहवालातला आकडा १,३०० हाच आहे.

सल्फर हेक्साफ्लोराइडसाठी हेच केले, तर ०.५७ वरून रेणूमागे ४१,६०० पट, रेणुभार १४६ असल्यामुळे किलोमागे सुमारे १२,५०० पट, आणि पूर्ण वर्षे जवळजवळ ९८. उत्तर २३,७०० च्या जवळ येते आणि प्रसिद्ध आकडा २३,५०० आहे. या वायूचे आयुर्मान पूर्वी ३,२०० वर्षे धरत असत, अलीकडच्या अंदाजांत ते हजार वर्षांच्या आसपास उतरले आहे. शंभर वर्षांच्या उत्तरावर मात्र त्याने फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही मुदती शंभरापेक्षा कितीतरी मोठ्या आहेत.

आकडे वापरताना घ्यावयाची काळजी

दोन वायूंची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच अहवालातून घ्यावेत. एचएफसी-१३४ए चा आकडा आयपीसीच्या चौथ्या अहवालात १,४३०, पाचव्यात १,३०० आणि सहाव्यात १,५३० असा आहे. वायू तोच, परंतु आयुर्मान, प्रारणिक कार्यक्षमता आणि तुलनेसाठी घेतलेल्या कार्बन डायऑक्साइडचा हिशेब सुधारत गेला. मिश्रणांसाठी घटकांच्या वजनी प्रमाणात सरासरी काढावी. आर-४१०ए मध्ये एचएफसी-३२ आणि एचएफसी-१२५ निम्मे-निम्मे असतात, म्हणून पाचव्या अहवालाप्रमाणे ६७७ आणि ३,१७० यांची सरासरी सुमारे १,९२४ येते. केवळ ‘आर-३२ असलेले’ असे वाचून समाधान मानू नये, जोडीदार कोण आहे तेही पाहावे.

मुदतही लक्षात ठेवावी. वीस वर्षांचा हिशेब केला, तर एचएफसी-१३४ए ३,७१० वर चढतो आणि कार्बन टेट्राफ्लोराइड ६,६३० वरून ४,८८० वर उतरतो. अल्पायुषी वायू आपला सगळा परिणाम लवकर करून टाकतो, दीर्घायुषी वायू तो पुढच्या पिढ्यांवर सोपवतो. कोणत्याही शंभर वर्षांच्या आकड्यात पन्नास हजार वर्षे टिकणाऱ्या वायूची उरलेली बाजू दिसतच नाही, आणि म्हणून अॅल्युमिनियम गाळताना किंवा सेमीकंडक्टर बनवताना निघणाऱ्या पूर्ण फ्लोरिनयुक्त वायूंना त्यांच्या जीडब्ल्यूपीपेक्षाही अधिक गांभीर्याने घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पर्याय निवडतानाही रचनाच पाहावी. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर क्लोरिन काढून त्याच्या जागी हायड्रोजन आणला गेला. ओझोनचा प्रश्न त्याने सुटला, पण कार्बन-फ्लोरिन बंध जागच्या जागी राहिले आणि म्हणूनच २०१६ मध्ये त्याच कराराच्या किगाली दुरुस्तीने एचएफसी वायूंवरही टप्प्याटप्प्याने बंधने आणावी लागली. दुहेरी बंधाचे एचएफओ हे त्यापुढचे पाऊल आहे; १२३४वायएफ ची तापमानवाढ क्षमता एकाहूनही कमी आहे. परंतु त्याचा तीन फ्लोरिनचा गट तुटत नाही. हवेत रेणू फुटल्यावर तो ट्रायफ्लोरोॲसिटिक आम्लाच्या रूपाने पावसात उतरतो आणि पाण्यात टिकून राहतो. तेव्हा नव्या वायूची रचना कागदावर मांडली, की तो हवेत किती दिवस राहतो हे पाहून थांबू नये. तुटल्यावर उरलेल्या तुकड्यात कार्बन-फ्लोरिन बंध किती शिल्लक राहतात, तेही त्याच कागदावर मोजून लिहावे.